अपडेट होईपर्यंत

सनद, बहरैन
५ डिसेंबर २०२५

ती. आतिकाआपास,
धाकट्या अर्शदचा सलाम. वि. वि.

अब्बा सुखरूप पोचले हे तुला फोनवर सांगितलंच आहे. पण फोनवर बोललेलं अब्बा हिशेबात धरत नाहीत, आणि कितीही ओरडून बोललं तरी हल्ली त्यांना अर्धंच ऐकू येतं. त्यामुळे आल्या दिवसापासून शाळेचा नियम पुन्हा लागू झाला आहे. बहिणीला कागदावर, पेनाने, मायना घालून लिहायचं. मग हवा तर त्याचा फोटो काढून पाठव, म्हणाले. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी मास्तरकी काही सुटली नाही. हे पत्रसुद्धा जाण्याआधी तपासलं जाणार आहे, तेव्हा त्यांची तक्रार करायची सोय नाही.

आता खरी बातमी. गाडी! आपा, तू बघशील तर वेडी होशील. इंजिन नाही, आवाज नाही, पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको. रात्री घराबाहेर वायर लावायची, सकाळी तयार. वर आणखी गंमत म्हणजे कंपनी हवेतूनच तिला सुधारते. आपल्या मोबाईलला अपडेट येतो ना, तस्सा गाडीला येतो. आपण झोपलेलो असतो आणि सकाळी गाडी काल होती त्यापेक्षा हुशार. मेहुणा कमाल तिकडच्या हूरा भागातून आपली ती पेट्रोल पिणारी जीप घेऊन येतो आणि मला विचारतो, आज तुझी गाडी कोणत्या इयत्तेत गेली? जळतो, दुसरं काय!

तिच्या दारांना कडी नाही. बाहेरून हात जवळ नेला की मूठ वर येते, आतून एक बारीकसं बटण आहे. अब्बांना मी दाराला हातच लावू देत नाही. धावत जाऊन मीच उघडतो, नवरदेवासारखं उतरवतो. नाझिश म्हणते, सुनेला कधी असं उतरवलं नाहीत.

एक छोटा घोटाळा झाला. कमालकडे दावतीला गेलो होतो, पाहुणे गाडी बघायला जमले, आणि अब्बांनी आत बसल्याबसल्या पडद्यावर कुठेतरी बोट लावलं. सगळी सेटिंग्ज बदलली. मी जरा मोठ्याने बोललो, की अब्बा, कशालाही हात लावत जाऊ नका. त्यांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने, आपा, रागाने नव्हे. (हे वाक्य त्यांनी वाचलं तरी चालेल.)

नॅशनल डेची सुट्टी जोडून त्यांना उमऱ्याला नेतोय, बाय रोड. दोन गाड्या, माझी आणि कमालची. दुआ कर. तुझी भाची तूबा तुला हाय म्हणते.

लोभ आहे तसाच ठेव,
अर्शद

*

दाभोळ
८ डिसेंबर २०२५

चि. अर्शद यास,
आपाच्या अनेक दुआ.

पत्र वाचलं. भावाचं पत्र आलं म्हणून चष्मा लावला तर गाडीच्या दुकानाची जाहिरात निघाली. अब्बांच्या तब्येतीला दोन ओळी आणि दाराच्या मुठीला चार. तौबा! पूर्वी तुला नवी सायकल मिळाली होती तेव्हाही जेट्टीवर उतरणाऱ्या प्रत्येकाला घंटी वाजवून दाखवायचास. तेव्हापासून तुझ्यात अपडेट काही आलेला दिसत नाही.

थट्टा पुरे. उमऱ्याचं ऐकून डोळे भरून आले. अम्मी होती तोवर दोघांना जायचं होतं, राहून गेलं. ने त्यांना, अल्ला तुला खूप देईल. पण माझं ऐक. दोन वर्षांमागे अब्बांची छाती भरली होती तेव्हा तू इथे नव्हतास. रात्ररात्र त्यांची पाठ शेकत मी बसले आहे. डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा थंडी बाधली तर हे फुफ्फुस सोसणार नाही. वाटेत तायफच्या डोंगरांत डिसेंबरात काय थंडी असते ते हाजी मंडळींना विचार. आणि पुरुषांचा एहराम म्हणजे अंगावर दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी. स्वेटर नाही, मोजे नाहीत, डोकं उघडं. घोंगडी खांद्यावर घेता येते, ती हाताशी ठेव. डिकीत तळाला घालू नकोस.

दुसरं म्हणजे, चारचौघांत मोठ्याने बोललास ते बरं केलं नाहीस. ऐकू यावं म्हणून होतं हे मला सांग, त्यांना नको सांगू. अब्बांचा स्वभाव तुला ठाऊक नाही का? एखादी गोष्ट येत नसली की ते गप्प बसतात. साऱ्या गावाला शिकवलं, आता आपण कुणाला विचारायचं म्हणजे त्यांना लाज वाटते. मोबाईलची घंटी बंद करता येईना म्हणून कितीतरी दिवस तो गादीखाली दाबून ठेवला होता, मला सांगितलं नाही. तेव्हा त्यांच्या न विचारण्याला होकार समजू नकोस.

निघायच्या आधी फोन कर आणि मला शब्द दे, की अब्बांना थंडी लागू देणार नाहीस. मग जा.

माया कमी होऊ देऊ नकोस,
तुझी आपा

*

सनद, बहरैन
२० डिसेंबर २०२५

ती. आतिकाआपास,
सलाम. वि. वि.

उमरा झाला, अल्हम्दुलिल्ला. सगळे काल परत आलो. समुद्रातल्या कॉजवेच्या पुलावर सुट्टीची फार गर्दी होती, त्यामुळे फोन जमला नाही.

अब्बांना थोडी सर्दी आहे. हवा बदलली की होतं. आज झोपले आहेत म्हणून त्यांचं पत्र सोबत नाही. वाटेत सगळं ठीक होतं. मीकातच्या ठिकाणी, जिथे एहराम बांधतात तिथे, गाडीच्या अपडेटमुळे थोडा वेळ मोडला, बाकी काही नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते, पण अपडेटनंतर बरीच सुधारणा वाटली.

तुझ्यासाठी जमजमचं पाणी आणि खजूर आणले आहेत. आपल्या गावचा हारून इथून सुट्टीवर जाणार आहे, त्याच्याकडे देतो. नाझिश सलाम सांगते.

लोभ असू दे,
अर्शद

*

दाभोळ
२१ डिसेंबर २०२५

चि. अर्शद यास,
दुआ.

हे पत्र अब्बांनी तपासलेलं नाही हे मला पहिल्या ओळीत कळलं. यात तूच कुठे नाहीस. तुझ्या पत्रात एवढी थोडी गाडी कधी असते?

काल मी घरच्या नंबरवर फोन केला. तूबाने उचलला. तिचं इंग्रजी आणि माझं मराठी, तरी आमचं नीट चालतं. तुझे दादा, आमचे अब्बा, कुठे आहेत विचारलं तर म्हणाली, इस्पितळात. नाकाला नळी आहे. काय झालं विचारलं तर म्हणाली, गाडी झोपली होती आणि दादा आत होते. मग मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

थोडी सर्दी म्हणे!

गाडी झोपली होती म्हणजे काय, आणि अब्बा आत का होते, ते लिही. फोन करू नकोस, फोनवर तू हुं हुं करून सुटशील. कागद घे आणि लिही. मला तू शब्द दिला होतास.

आतिका

*

सनद, बहरैन
२३ डिसेंबर २०२५

ती. आपा,
सलाम लिहायचीही लाज वाटते, तरी लिहितो. सलाम.

अब्बांना न्युमोनिया आहे. सरकारी इस्पितळात ठेवलंय. ऑक्सिजन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, वय आणि जुनं दुखणं बघता आत्ताच काही सांगता येत नाही. तुला हे वीस तारखेला लिहायला हवं होतं. पेन हातात घेतलं आणि सर्दी लिहिलं.

आता झालं ते सांगतो. रियाधला मुक्काम करून पुढे निघालो. वाटेत थंडी वाढत गेली. थंडीत या गाडीची बॅटरी भराभर उतरते, आणि हीटर लावला तर आणखी. मी हीटर अगदी बारीक ठेवला होता. कमालने मागून फोन करून विचारलं की पोचेल ना रे तुझी गाडी? मी म्हटलं, आरामात. आरामात नव्हतं.

एक अपडेट येऊन पडला होता. रियाधच्या हॉटेलच्या वायफायवर तो उतरवून घेतला होता, बसवायचा बाकी होता. त्यात लिहिलं होतं की थंडीत गाडी जास्त पल्ला देईल. उजाडताना आम्ही मीकातला पोचलो. आंघोळ करून सगळ्यांनी एहराम बांधले. अब्बांचे गुडघे दुखत होते म्हणून नमाज झाल्यावर त्यांना गाडीत बसवलं. मला वाटलं, बाकीचे तयार होईपर्यंत अपडेट बसवून टाकू. पडद्यावर अर्ध्या तासाचा आकडा होता. अपडेट चालू असताना गाडी पूर्ण बंद असते, आपा. हीटर नाही, दिवे नाहीत; दाराचं बटण तेवढं चालतं, बाकी काही नाही. हे मला माहीत होतं. बटण दाबलं, आणि उतरताना अब्बांना खुणेने आणि ओरडून सांगितलं की आता कशालाही हात लावू नका.

घोंगडी डिकीत होती. तळाला. तू लिहिलं होतंस.

कमाल म्हणाला, तोवर चाचांना माझ्या गाडीत बसव, हीटर चालू आहे. एवढंच करायचं होतं! त्याच्या गाडीपर्यंत वीस पावलंही नव्हती. पण त्याच्यासोबत त्याचे दोन दोस्त होते, आणि हूरापासून तो माझ्या गाडीवर हसत आला होता. मी म्हटलं, नको, आत छान उबदार आहे. अपडेट अर्ध्या तासात झाला नाही. तासाच्या वर गेला. मी चहाचा कप धरून त्या लोकांना मोबाईलवर दाखवत होतो, की बघा, साठ टक्के झाला, आता सत्तर. एकदा गाडीकडे बघून मी अब्बांना हात हलवला. त्यांनीही हलवला. मला वाटलं, ठीक आहेत.

झाल्यावर मोबाईलवर गाडीच्या आतलं तापमान आलं. नऊ अंश. मी धावलो. दार उघडलं तर अब्बांचे ओठ निळे होते आणि दोन्ही हात मांडीवर, मुठी वळलेल्या. पायांना हात लावला तर बर्फ. पडद्यावर लिहून आलं होतं की तुमची गाडी आता हिवाळ्यासाठी तयार आहे.

उमरा त्यांनी व्हीलचेअरवर केला. खोकत. 

मी त्यांना चारचौघांत ओरडून सांगितलं होतं की कशाला हात लावू नका, म्हणून त्यांनी साधं दारसुद्धा उघडलं नाही. तसेच बसून राहिले. हे माझ्या डोक्यातून जात नाही. नाझिशसमोर मान वर होत नाही. कमाल रोज इस्पितळात डबा घेऊन येतो आणि एका शब्दाने टोचत नाही, ते तर सोसवतच नाही. गाडीला सगळे दोष देऊन बघितले, आपा. गाडीने काही केलेलं नाही.

लोभ ठेव असं म्हणायची माझी लायकी नाही. अब्बांसाठी दुआ कर.

अर्शद

*

इस्पितळ, बहरैन
४ जानेवारी २०२६

चि. सौ. आतिका हीस,
अब्बांच्या अनेक दुआ.

नळी काढली. आज स्वतःच्या हाताने पेज प्यायलो आणि हे स्वतःच्या हाताने लिहितो आहे. अक्षर थरथरलं आहे, त्याचे गुण कापू नयेस. डॉक्टर म्हणतात की धोका टळला, पण फुफ्फुस पहिल्यासारखं होणार नाही. पहिल्यासारखं तसंही काय उरलं होतं?

तू अर्शदला काय लिहिलंस ते त्याने मला दाखवलं नाही. पण परवापासून तो माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसतो, उशाशी येत नाही. त्यावरून अंदाज आला. आता पुरे कर. पोरगं सुकलं आहे. कामावरून थेट इथे येतं आणि माझे पाय चोळत बसतं. मोज्यांचे चार जोड आणलेत, मला पाय दोनच.

त्या सकाळचं म्हणशील तर मला काही त्रास झाला नाही. समोर डोंगर होता, उजाडत होतं, तल्बियाची दुआ म्हणत डोंगर बघत बसलो. उतरावंसं वाटलं नाही. त्यात त्याचा दोष नाही. माझं हे म्हणणं प्रमाण धर.

बरा झालो की गावी येतो. हारूनची सुट्टी पुढे गेली आहे, त्याच्याच सोबतीने. भाताची पेज तुझ्या हातची पाहिजे, इथली घट्ट असते.

मुलांना दुआ. माझ्यावर आहे तेवढाच लोभ त्याच्यावरही ठेव.
तुझे अब्बा

*

दाभोळ
३ फेब्रुवारी २०२६

चि. अर्शद यास,
अब्बांच्या अनेक दुआ.

मी व हारून काल संध्याकाळी पोचलो. हारूनच्या भावाने दापोलीहून आपल्या रिक्षातून आणलं. रिक्षाला दारच नाही, त्यामुळे माझा मी चढलो आणि माझा मी उतरलो. बरं वाटलं. खोकला आहे, पण आतिकाने ओव्याचा शेक सुरू केला आहे आणि माझ्यापेक्षा तिचाच आवाज जास्त येतो. मला ऐकू येत नाही हा तिच्या दृष्टीने बहाणा आहे.

विमानतळावर तू माझ्या पाया पडलास आणि बराच वेळ उठला नाहीस. लोक बघत होते. त्या वेळी सांगायला हवं होतं ते जिभेवर आलं नाही, म्हणून लिहितो. शाळेत चूक सापडली की मी लाल शाईने दुरुस्ती करून घेत असे. आज माझी करतो.

इस्पितळातून आतिकाला मी लिहिलं की डोंगर बघत बसलो होतो. ते खोटं आहे. काचांवर वाफ धरली होती, डोंगर दिसतच नव्हता. उमऱ्याहून आलेल्या माणसाने पहिल्याच पत्रात खोटं लिहावं, म्हणजे काय म्हणावं! पण ते तुझ्यासाठी लिहिलं असं समजू नकोस. माझ्यासाठी लिहिलं.

तू मनात धरून बसला आहेस की तू हात लावू नका म्हणालास म्हणून मी दार उघडलं नाही. ते मनातून काढून टाक. थंडी सोसेना तेव्हा मी हात लावला. सगळीकडे लावला. दाराला कडी सापडेना. मी आल्या दिवसापासून तूच दार उघडून देत होतास, मी कधी बघितलंच नव्हतं की ते आतून उघडतं कशाने. चष्मा आंघोळीच्या वेळी पिशवीत गेला होता, कानातलं मशीनही. बोटांनी चाचपून बघितलं, दोन्ही बाजूंना. मग हात मांडीवर घेऊन बसलो.

काचेवर थाप मारता आली असती. वाफ पुसून बघितलं तर तू समोरच होतास, कप घेऊन. कमाल होता, त्याचे दोस्त होते. दावतीच्या दिवशी ज्यांच्यासमोर मी पडद्याला बोट लावून तुझी फजिती केली, त्यांतलेच. म्हटलं, आता हे सगळे धावत येणार आणि बघणार की मास्तरांना गाडीचं दार उघडता येत नाही. एवढ्या पोरांना अक्षर शिकवलं, आणि दाराची कडी सापडत नाही म्हणून काच बडवायची? लाज वाटली, बाळा. थंडी होती, पण लाज त्याहून जास्त होती. तेवढ्यात तू माझ्याकडे बघून हात हलवलास. वाटलं, आता सांगावं, खूण करावी. आणि मीसुद्धा हात हलवला.

तेव्हा तुझी जेवढी चूक आहे तेवढी तू ठेव, ती मी माफ केली आहे. माझी होती ती मला परत दे. ती तू उगाच डोक्यावर घेऊन फिरतो आहेस. आपण दोघेही कमालच्या तोंडाकडे बघत बसलो आणि मधल्या मधे माझी छाती गेली. कमालला मात्र सलाम सांग, डब्यातली माशाची कढी उत्तम होती.

गाडी विकतो आहेस असं नाझिशने आतिकाला कळवलं. विकू नकोस. पुढच्या हिवाळ्यात, इंशाल्ला, मी येणार आहे. आलो की त्या दिवशी गाडी कुठे नेऊ नकोस. दारातच उभी ठेव. ते बटण कुठे आहे ते मला एकदा दाखव, तूबाने नाही, तू. मग मला आत बसव, दार लाव आणि बाहेर उभा राहा. मी चाचपेन, चुकेन, वेळ लागेल. मी माझ्या हाताने उघडून बाहेर येईपर्यंत तू दाराला हात लावू नकोस.

लोभ आहे, तो लपवत जाऊ नकोस. मीही लपवणार नाही.
अब्बा